करणाऱ्या हातांची नोंद: जळगाव आणि धुळे येथील जिल्हा कौशल्य विकास समित्यांस खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा कौशल्य विकास समिती, जळगाव आणि धुळे

विषय: आशा, अंगणवाडी सेविका, मदतनीस, कक्षसेवक व तत्सम कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा जिल्हा कौशल्य विकास आराखड्यात समावेश करण्याबाबत

महोदय,

येत्या काळात जिल्ह्यात कोणत्या कामांसाठी किती आणि कशी शिकलेली माणसे लागतील याचा अंदाज बांधून त्यानुसार प्रशिक्षणाची तजवीज करणारा जो जिल्हा कौशल्य विकास आराखडा, तो तयार करण्याच्या कामाला जानेवारी 2018 मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या 'संकल्प' या केंद्रीय कार्यक्रमामुळे जिल्हा पातळीवर जोर आला. दिल्लीत किंवा मुंबईत ठरलेले अभ्यासक्रम जिल्ह्यांच्या गळ्यात बांधण्यापेक्षा जिल्ह्यानेच आपली गरज सांगावी, हा त्यामागचा विचार रास्त आहे. मात्र खान्देशात कौशल्याचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वाटेने जाते: जळगावचे चटई आणि पाइपचे कारखाने, डाळमिल, ठिबक सिंचनाचा उद्योग, भुसावळची रेल्वे, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, धुळे-शिरपूरच्या सूतगिरण्या, आणि या सर्वांना लागणारे फिटर, वेल्डर, वायरमन. या कामांसाठी आयटीआय आहे, ट्रेड आहे, परीक्षा आहे आणि प्रमाणपत्र हाती आल्यावर मागता येईल असा दर आहे. याच दोन जिल्ह्यांत आजारी माणूस, बाळंतीण, तान्हे मूल आणि शाळापूर्व वयातील बालक यांची जबाबदारी वाहणारे जे मनुष्यबळ गावोगाव पसरलेले आहे, त्याची गणना मात्र कुशल कामगारांत होत नाही. प्रस्तुत पत्र त्या मनुष्यबळासंबंधी आहे.

2011 च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 42 लाख 30 हजार आणि धुळे जिल्ह्याची सुमारे 20 लाख 51 हजार होती. त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण जळगावात सुमारे 14 टक्के, तर धुळ्यात 31 टक्क्यांहून अधिक होते. ग्रामीण भागात साधारणपणे दर हजार लोकसंख्येमागे एक आशा, म्हणजे गावातूनच निवडलेली सामाजिक आरोग्य कार्यकर्ती, आणि आदिवासी भागात गरजेनुसार पाड्यागणिक एक, असा दंडक आहे. तिच्या जोडीला अंगणवाडीतील सेविका आणि मदतनीस, आशांच्या कामावर देखरेख ठेवणारी गटप्रवर्तक, उपकेंद्रातील आरोग्यसेविका, आश्रमशाळेतील अधीक्षिका, आणि रुग्णालयातील कक्षसेवक व सेविका, ज्यांना रुग्णांचे नातेवाईक 'मामा' आणि 'मावशी' म्हणूनच ओळखतात, अशी माणसे धरली, तर जळगावच्या 15 आणि धुळ्याच्या 4 तालुक्यांत त्यांच्याविना चालेल असे गाव शोधूनही सापडणार नाही. यांतील बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि आशा, सेविका व मदतनीस यांना मिळते ते वेतन नसून मानधन किंवा कामागणिक मोबदला असतो, या दोन गोष्टी एकत्र येणे योगायोगाचे नाही. घरात फुकट होणारे काम सार्वजनिक झाले तरी त्याची किंमत घरातल्याच हिशोबाने धरली गेली, आणि ज्या कामाला वेतन नाही त्याला कौशल्य कशाला मोजायचे, असा उलटा तर्क प्रशासनाच्या अंगवळणी पडला.

या व्यवस्थेच्या मागे जवळपास अर्धशतकाचा इतिहास आहे आणि तो फारसा गौरवाचा नाही. 2 ऑक्टोबर 1977 रोजी देशात गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांची योजना सुरू झाली, जिच्यात तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि महिना 50 रुपये मानधन अशी रचना होती. त्याच काळात गावातील दायांनाही प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम आखला गेला. पुढे त्या योजनेचे नाव बदलले, खर्च कोणी उचलायचा यावर केंद्र आणि राज्ये यांच्यात ओढाताण झाली आणि कार्यकर्ते हळूहळू कागदावरून पुसले गेले. 1995 मध्ये महाराष्ट्राने आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आणली आणि पाड्यांवर स्वयंसेवक नेमले. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली, प्रसूती दवाखान्यातच व्हावी यावर भर आला, आणि कालपर्यंत जिला शिकवण्यासाठी शिबिरे भरत होती ती दाई नव्या रचनेत नकोशी ठरली. दवाखान्यातील प्रसूतीचा आग्रह योग्यच होता आणि त्याने जीव वाचले. पण प्रत्येक नव्या योजनेबरोबर नवी माणसे, नवी पुस्तिका आणि नवी साडी येत गेली, आणि आधीच्या योजनेत शिकलेल्या हातांचे काय झाले हे कोणत्याही नोंदवहीत उतरले नाही.

या कामात कौशल्य असते म्हणजे नेमके काय असते, हे नवजात बाळाच्या घरभेटीवरून कळते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटायचे असते, आणि बाळ घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक भेट असते. झोळीचा वजनकाटा वापरताना आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणावा लागतो आणि मग डोळे काट्याच्या रेषेत ठेवून वजन वाचावे लागते, नाहीतर तान्ह्या बाळाच्या बाबतीत निर्णायक ठरणाऱ्या शे-दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. श्वास मोजताना बाळ रडत नसावे, अंगावरचे दुपटे बाजूला केलेले असावे आणि पोटाची हालचाल घड्याळाकडे एक डोळा ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावी लागते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करण्याची पळवाट चालत नाही, कारण नवजात बाळाचा श्वास एका लयीत नसतो. मिनिटाला 60 किंवा त्याहून अधिक श्वास भरले तर पुन्हा एकदा मोजायचे, आणि दुसऱ्यांदाही तेवढेच भरले तर बाळाला दवाखान्यात पाठवायचे. इथपर्यंतचा भाग हाताचा आहे. त्यापुढचा भाग, म्हणजे सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही असे मानणाऱ्या सासूला समजावून, पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत बाळ-बाळंतिणीला नेण्यास घराला राजी करणे, हा जिभेचा आणि गावातल्या पत-प्रतिष्ठेचा आहे, आणि तो कोणत्याही पुस्तिकेतून पुरता शिकवता येत नाही. व्हर्नियर वाचता येणारा फिटर जर कुशल असेल, तर हे करणारी स्त्री अकुशल स्वयंसेविका कोणत्या न्यायाने ठरते, याचे उत्तर आराखडा करणाऱ्यांनी द्यायला हवे.

घरभेटींची ही पद्धत महाराष्ट्रातच घडली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतील स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षापर्यंत तेथील नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले. त्याआधी, 1970 पासून, जामखेड परिसरात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर, बहुधा दलित आणि गरीब घरांतील स्त्रियांना गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले होते. या दोन्ही प्रयोगांचे कौतुक करताना एक बाब हमखास गळून पडते. जामखेडच्या स्त्रिया दर आठवड्याला केंद्रावर येऊन शिकत आणि मागच्या आठवड्यात काय जमले, काय फसले ते एकमेकींना सांगत. गडचिरोलीत पर्यवेक्षक नियमाने गावात जाऊन कार्यकर्तीचे काम बाळाच्या शेजारी बसून तपासत असे. शिक्षण एकदाच उरकले जात नव्हते, ते कामाबरोबर चालू राहत होते. पद्धत देशभर नेताना पुस्तिका तेवढ्या नेल्या गेल्या आणि नियमित देखरेखीचा खर्चिक भाग मागे राहिला.

सध्याची रीत पायऱ्यांची आहे: राज्यस्तरावर काही प्रशिक्षक तयार होतात, ते जिल्ह्याच्या प्रशिक्षकांना शिकवतात, ते तालुक्याच्या, आणि तालुक्याच्या सभागृहात पाच-सहा दिवस पन्नास-साठ आशा खुर्च्यांवर बसून पडद्यावरची चित्रे पाहतात. प्रत्येक पायरीवर काही ना काही सांडत जाते, आणि सर्वांत आधी सांडतो तो हाताचा सराव. त्यानंतर गावात जाऊन ते काम बघायचे असते गटप्रवर्तकाने. पण तिच्या वाट्याला वीसेक आशा, त्यांचे अहवाल, मोबदल्याची देयके आणि एकामागून एक येणारी सर्वेक्षणे असल्यामुळे शिकवणारी म्हणून तिची जी भूमिका होती ती कारकुनीत विरघळली. समितीला या पत्रातील एकच सूचना स्वीकारायची असेल तर ती ही असावी: आराखड्यातील प्रशिक्षणाचा पैसा नव्या केंद्रांवर खर्च करण्याआधी गटप्रवर्तकाला प्रशिक्षक म्हणून तयार करण्यावर, तिच्या प्रवासावर आणि तिच्या डोक्यावरचे कागद कमी करण्यावर खर्च व्हावा.

दुसरा प्रश्न शिडीचा आहे. राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा, म्हणजे कोणते काम ज्ञान आणि जबाबदारीच्या कोणत्या स्तरावर मोडते हे ठरवणारी देशपातळीवरील चौकट, 2013 मध्ये दहा स्तरांची होती आणि 2023 च्या सुधारणेनंतर आठ स्तरांची झाली. एका स्तरावरून दुसऱ्या स्तरावर जाता यावे, आणि काम करता करता मिळवलेले ज्ञान परीक्षा घेऊन ग्राह्य धरले जावे, ज्याला पूर्वज्ञानास मान्यता असे म्हणतात, ही तिची मूळ कल्पना. आशाच्या बाबतीत ही शिडी पहिल्याच पायरीवर तुटते. आशा निवडताना 25 ते 45 वयाच्या, गावात स्थायिक, विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता स्त्रीला प्राधान्य असते, आणि शिक्षणाची अट आदिवासी भागात आठवी, अन्यत्र दहावीपर्यंतची असते. तिच्या कामाची स्वाभाविक पुढची पायरी म्हणजे आरोग्यसेविकेचा, ज्याला एएनएम म्हणतात तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम. पण भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार तेथे प्रवेशाचे वय 17 ते 35 आणि किमान अर्हता बारावी आहे. तिशीत आशा झालेली स्त्री दहा वर्षे काम करून अनुभवी होते, तोवर दार बंद झालेले असते. बारावी नुकतीच पास झालेली, बाळंतपण कधी न पाहिलेली मुलगी आत जाऊ शकते आणि शेकडो बाळांचे श्वास मोजलेली स्त्री जाऊ शकत नाही. परिषदेचा नियम जिल्हा समितीच्या अखत्यारीत नाही हे खरे; तरी दोन गोष्टी तिच्या हातात आहेत. पस्तिशीच्या आतल्या ज्या आशा दहावीवर थांबल्या आहेत त्यांची तालुकावार यादी करून त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बहिःस्थ विद्यार्थी म्हणून किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीला बसवणे ही एक. आणि पस्तिशीपुढच्या अनुभवी आशांसाठी वयाची सूट मागणारा सकारण प्रस्ताव दोन्ही जिल्ह्यांनी मिळून राज्य शासनामार्फत परिषदेकडे पाठवणे ही दुसरी. नियम बदलायचा तर अशी मागणी खालून, आकड्यांनिशी वर जावी लागते.

अंगणवाडीची शिडी तुलनेने बरी आहे. सक्षम अंगणवाडी योजनेच्या केंद्रीय निर्देशांत मदतनिसांतून सेविका आणि सेविकांतून पर्यवेक्षिका, म्हणजे आपल्याकडची मुख्यसेविका, अशी पन्नास टक्के पदे पदोन्नतीने भरण्याची तरतूद आहे. शिक्षणाची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. बालवाडी गरीब मुलांच्या अंगणात न्यावी हा विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या वारली पाड्यांत प्रत्यक्षात आणला. पण 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर अंगणवाडी म्हणजे मुख्यतः आहार, वजन आणि लसीकरण असे समीकरण बसले आणि शिकवणे मागे पडले. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तीन ते सहा वयोगटाला औपचारिक शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतले असून बारावी वा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेल्या सेविकेसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुचवला आहे, तोही दूरचित्रवाणी आणि मोबाइलच्या आधारे, काम चालू ठेवून. 2023 मध्ये सुरू झालेल्या 'पोषण भी पढाई भी' या कार्यक्रमाने सेविकांच्या प्रशिक्षणाला हात घातला, पण त्यात मिळणारे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. मोबाइलच्या पडद्यावर बालशिक्षण शिकता येईल ही कल्पना ज्यांनी मांडली त्यांनी चार वर्षांच्या पंचवीस मुलांना अर्धा तास एका जागी गुंतवून पाहावे. दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, आहेत, आणि जुन्या डी.एड. विद्यालयांतील अनुभवी अध्यापक आहेत. प्रत्येक बीटमध्ये, म्हणजे एका मुख्यसेविकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटात, एका चांगल्या चालणाऱ्या अंगणवाडीला सरावकेंद्र मानून तेथे इतर सेविकांनी पाळीपाळीने आठवडाभर काम करावे आणि डाएटच्या अध्यापकांनी ते पाहावे, एवढी व्यवस्था जिल्हा परिषदेच्या पातळीवर होण्यासारखी आहे.

याच्या उलट टोकाला लघुमुदतीचे अभ्यासक्रम आहेत. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत 2015 पासून रुग्णसहायक, म्हणजे रुग्णाला अंघोळ घालणे, कूस बदलणे, उचलणे-बसवणे, भरवणे अशी कामे करणारा मदतनीस, हा अभ्यासक्रम काही महिन्यांत पूर्ण होतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर 18 जून 2021 रोजी केंद्राने सुमारे एक लाख तरुणांना सहा प्रकारच्या कामांसाठी तयार करण्याचा झटपट कार्यक्रम जाहीर केला, त्यातही घरगुती शुश्रूषेपासून नमुने गोळा करण्यापर्यंतची कामे होती. हेतूविषयी शंका नाही. परंतु अशा प्रमाणपत्रधारकाला शासकीय रुग्णालयात नेमायला त्या नावाचे पदच नसेल, आणि खासगी रुग्णालय त्याच्याशिवायही कमी पैशांत माणूस मिळवू शकत असेल, तर प्रमाणपत्र भिंतीवरच राहते.

कक्षातील हे काम किरकोळ आहे असे मानण्याची किंमत खान्देशाने पाहिली आहे. जून 2020 मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयात दाखल असलेली 82 वर्षांची करोनाबाधित वृद्धा बेपत्ता झाली आणि आठ दिवसांनी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काहींवर निलंबनाची कारवाई झाली, देशभर बातम्या झाल्या, आणि चर्चा दोषी कोण याभोवती फिरून थांबली. तो काळ सर्वच रुग्णालयांसाठी अभूतपूर्व ताणाचा होता हे मान्य करूनही म्हणावे लागते, की खाटेवरचा रुग्ण कुठे आहे हे दर पाळीला पाहणे, अशक्त माणसाला स्वच्छतागृहापर्यंत सोबत करणे आणि तो परत आला की नाही याची नोंद ठेवणे हे रुग्णसेवेचे अंग आहे, त्यासाठी माणूस, शिकवण आणि पद तिन्ही लागतात, आणि नातेवाइकांना कक्षाबाहेर ठेवावे लागलेल्या त्या महिन्यांत, एरवी ते काम नातेवाईकच करत होते, हे उघडे पडले. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2018 पासून आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. जळगावजवळ चिंचोलीला वैद्यकीय संकुल आकाराला येत आहे. इमारत, खाटा आणि डॉक्टरांच्या जागा यांचे आकडे अशा प्रत्येक घोषणेत असतात, मामा आणि मावशींचा आकडा नसतो. शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 चा आहे आणि 2016 च्या राष्ट्रीय योजनेनुसार शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना 1,500 रुपयांच्या मर्यादेत, केंद्र देते. तो मार्ग कारखान्यांसाठी वापरला जातो तसा या दोन महाविद्यालयांच्या रुग्णालयांसाठी आणि चोपडा, शिरपूर, दोंडाईचा येथील उपजिल्हा रुग्णालयांसाठी वापरला, तर रुग्णसहायक खऱ्या कक्षात, अधिपरिचारिकेच्या नजरेखाली वर्षभर शिकेल.

शाळेत व्यवसाय शिक्षण आणण्याचे प्रयत्न मोठ्या आकड्यांचे आणि छोट्या फळांचे राहिले आहेत, म्हणून त्यावर येथे थोडक्यात लिहिणे पुरे. 1986 च्या धोरणाने उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी 10 टक्के 1990 पर्यंत आणि 25 टक्के 1995 पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळतील असे ठरवले होते. 2020 च्या धोरणाने 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असे लिहिले. महाराष्ट्रात बारावीच्या व्यवसाय शाखेत वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि बालक, वृद्ध व आरोग्यसेवा असे विषय आहेत, पण विज्ञानाला गुण कमी पडलेल्यांची शाखा ही तिची ओळख सुटली नाही. शाळेबाहेर पाहिले तर 2024 मधील मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना 6,000, आयटीआय व पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन देऊन तरुणांना शाळा आणि कार्यालयांत पाठवले गेले. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिने झाली, आणि मुदत संपल्यावर हे तरुण कायम करण्याची मागणी घेऊन रस्त्यावर आले. रिकाम्या पदावर माणूस बसवायचा आणि त्याला प्रशिक्षण म्हणायचे, याचा शेवट याहून वेगळा होण्यासारखा नव्हता.

भाषेचा मुद्दा मात्र विस्ताराने मांडायला हवा, कारण तो खान्देशाचा स्वतःचा आहे आणि राज्याच्या अभ्यासक्रमात तो येणार नाही. सिकलसेल हा रक्तातील लाल पेशींचा आनुवंशिक आजार सातपुड्यातील भिल्ल, पावरा आदी समाजांत आढळतो आणि 2047 पर्यंत त्याचे निर्मूलन करण्याची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून सुरू झाली. तिची पहिली पायरी साधी आहे: परीक्षानळीतील द्रावणात बोटाचे थेंबभर रक्त टाकायचे, काही मिनिटे थांबायचे आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेषा दिसतात की गढूळपणात लपतात ते पाहायचे. रेषा दिसल्या नाहीत तर दोष असण्याची शक्यता. मात्र ती व्यक्ती रुग्ण आहे की केवळ वाहक, हे पुढच्या प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय कळत नाही. ही तपासणी आठवडाभरात शिकवता येते. त्यापुढचे समुपदेशन वर्षभरातही जमेलच असे नाही. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारांत एक असते, हे वाक्य प्रमाण मराठीत सांगितले की ऐकणारे कुटुंब त्याचा अर्थ चार मुलांपैकी एकच आजारी होईल असा घेते, आणि पहिले मूल आजारी निघाले की उरलेली तीन निर्धास्त असे मानते. हा गैरसमज पावरी, भिलोरी किंवा तडवी बोलीत, त्या घराच्या ओळखीचे उदाहरण घेऊन, पुन्हा पुन्हा सांगूनच दूर होतो. शिवाय वाहक असल्याचे कळले की मुलीचे लग्न मोडेल ही भीती असते, आणि गावातल्याच आशाला ते कळले तर गावभर होईल ही दुसरी. गुप्तता राखणे हेही शिकवण्याचे कौशल्य आहे.

सखल भागात अहिराणी, रावेर-यावल पट्ट्यात लेवा बोली, डोंगरात पावरी आणि भिलोरी, साक्रीच्या पश्चिम भागात मावची आणि कोकणी: प्रशिक्षणाच्या पुस्तिका यांतील एकाही भाषेत नाहीत आणि प्रशिक्षण घेणाऱ्या स्त्रिया मात्र दिवसभर त्याच भाषांत काम करतात. पुस्तिकांचे भाषांतर करून हे सुटेल असे नाही, कारण यांतील बहुतेक भाषा वाचण्याची सवय त्या बोलणाऱ्यांनाही नाही. उपयोगी पडेल ती ध्वनिमुद्रित संवादांची साठवण: अनुभवी आशा एखाद्या घरात लस, सिकलसेल, अंगावर पाजणे किंवा अपंग मुलाचे प्रमाणपत्र याविषयी कशा बोलतात ते त्यांच्या संमतीने, नावे वगळून मुद्रित करणे आणि नव्या कार्यकर्त्यांनी ते ऐकून त्यावर चर्चा करणे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगावचे लोकसेवक मधुकरराव चौधरी समाजकार्य महाविद्यालय आणि चोपड्याचे भगिनी मंडळाचे समाजकार्य महाविद्यालय यांच्याकडे क्षेत्रकार्यासाठी गावात जाणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. सर्वेक्षणाचे आणखी एक प्रपत्र भरून घेण्यापेक्षा त्यांच्याकडून हे काम होणे विद्यार्थी आणि कार्यकर्त्या दोघांच्याही फायद्याचे आहे.

या सगळ्यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो आशा व अंगणवाडी संघटनांकडूनच येईल: वेतन देण्याचे टाळायचे म्हणून प्रशिक्षणाचे गाजर दाखवले जात आहे. आक्षेप निराधार नाही. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला, आणि त्यानंतर ऑक्टोबर 2023 मध्ये महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अंगणवाडी कर्मचारी संपावर गेल्या. सेविका आणि मदतनीस उपदान (ग्रॅच्युइटी) कायद्याखाली येतात हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल 2022 मध्ये सांगावे लागले. कौशल्य आणि वेतन यांची सांगड तोडून केवळ प्रशिक्षण वाढवले तर कामाचा बोजा तेवढा वाढतो, हे मान्य करायलाच हवे. परंतु संघटनांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी, की अकुशल म्हणून नोंदलेल्या कामाला कुशल कामाचा दर मागता येत नाही, आणि किमान वेतनाच्या कोष्टकात कोणता कामगार कुठल्या रकान्यात जातो यावर बरेच काही ठरते. अर्हतेची नोंद हा या मागणीचा पहिला कागदोपत्री पुरावा ठरू शकतो.

प्रशिक्षणाच्या दिवसांचा हिशोबही समितीने वेगळा मांडावा. कामागणिक मोबदला घेणारी आशा सहा दिवस तालुक्याला आली की त्या दिवसांचे काम बुडते, अंगावर पिणारे मूल असेल तर सोबत कोणीतरी आणावे लागते, आणि साक्रीच्या किंवा यावलच्या डोंगराळ पाड्यावरून संध्याकाळची गाडी चुकली तर मुक्कामाची सोय नसते. प्रवासभत्ता महिन्यांनी खात्यावर जमा होतो. म्हणून प्रशिक्षण तालुक्याच्या सभागृहाऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्रात, लहान गटांत आणि आठवडी बाजाराचा दिवस धरून व्हावे, बुडालेल्या दिवसांचा मोबदला त्याच महिन्याच्या देयकात मिळावा, आणि ही रक्कम आराखड्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवली जावी. आराखड्याच्या पुढील बैठकीला औद्योगिक संघटनांचे प्रतिनिधी नेहमीप्रमाणे येतीलच. त्यांच्या शेजारी प्रत्येक तालुक्यातून एक गटप्रवर्तक आणि एक मुख्यसेविका यांना मत मांडण्याच्या अधिकारासह निमंत्रण असावे, आणि ते निमंत्रण बैठकीच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर न पाठवता विषयपत्रिकेसह निदान पंधरा दिवस आधी पोहोचावे, अशी विनंती आहे.

कळावे,

आरोग्य व शिक्षण व्यवस्थेचा खान्देशातील एक अभ्यासक